ताजमहाल तेवढा मोठा नाही

आमच्या गावात ताजमहाल लहान होता. बाकीच्या जगात तो केवढाही असो, शिराळा ओलांडून वारणेच्या अंगाला वळलं की तो लहान व्हायचा. याचं कारण आमच्या घराचा सोपा, आणि त्या सोप्यात खुर्ची टाकून बसलेले माझे यजमान.

आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या कुणालाही 'मेजर' म्हणतात. शिपाई म्हणून घरी आलेलाही मेजर, सुभेदार होऊन आलेलाही मेजर. आमचे हवालदार होऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून मेजर झाले. मीही त्यांना मेजरच म्हणते, विशेषतः रागावले की, म्हणजे बऱ्याचदा. गाव मला 'बाई' म्हणतं, कारण निम्म्या गावाला मी पाढे शिकवलेत आणि उरलेल्या निम्म्याला उठाबशा काढायला लावल्यात.

मेजरांनी सगळा देश बघितलाय, हे गावात धरूनच चाललेलं होतं. जोधपूर, जम्मू, आसाम, भुवनेश्वर, नाव घ्याल तिथं त्यांची पलटण राहून आलेली. त्यामुळं गावातल्या कुणी कुठं फिरायला जायचं काढलं की तिकिटाच्या आधी आमच्या सोप्यात यायचं, अशी रीतच पडून गेली होती. चहा व्हायचा आणि मग विचारणा व्हायची, "मेजर, आमी जैसलमेरला जायाचं म्हणतोय. कसं हाय?"

मेजर बशीतला चहा संपवायचे. साखरेचा आजार निघाल्यापासून मी त्यांना बिनसाखरेचाच देते, त्यामुळं तोंड आधीच कडू झालेलं असायचं. मिशी पुसून ते निकाल द्यायचे, "वाळू हाय. आपल्या वारणंच्या पात्रात काय कमी हाय व्हय?"

काश्मीर म्हणजे थंडी, महाबळेश्वरला जावा. आसाम म्हणजे पाऊस, चांदोलीला जावा. कन्याकुमारीला तीन समुद्र मिळतात म्हणतात, पण पाणी शेवटी खारटच. जयपूरचा हवामहाल म्हणजे नुसती पुढची भिंत, मागं काय न्हाई. अशा तऱ्हेनं देशातली सगळी प्रेक्षणीय स्थळं मेजरांनी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आणून बसवली होती, आणि आमचं गाव घरबसल्या भारतदर्शन करून मोकळं झालं होतं.

एका नागपंचमीला तर त्यांनी कहर केला. त्या दिवशी शिराळ्यात बाहेरून माणूस लोटतो. त्यातली एक गाडी वाट चुकून आमच्या दारात आली. आतल्या पाहुण्यानं काच खाली करून विचारलं, इकडं बघण्यासारखं आणखी काय आहे? मेजर म्हणाले, "काय न्हाई. लोकं उगाच येत्यात." तो बिचारा गाडी वळवून निघून गेला. मी आतून ओरडले, "आवं, गोरखनाथाचं देऊळ हाय, भुईकोट किल्ला हाय, काय तर सांगायचं की!" तर म्हणाले, "त्ये काय बघायचं? त्ये तर हायच."

ताजमहालाचा निकाल मात्र सगळ्यांत ठाम होता. "तेवढा मोठा न्हाई." पुढं एक शब्द नाही. पोरांच्या हातात मोबाईल आले, पोरांनी फोटो दाखवले, तर म्हणाले, "मोबाईलात काय, उंदीरबी वाघाएवढा दिसतो." मी स्वतः वर्गात ताजमहालाचं चित्र आलं की सांगायचे, चित्रात वाटतो तेवढा मोठा नाही, आमच्या घरच्यांनी पाहिलाय. पोरं माना डोलवायची. घरचा साक्षीदार असल्यावर पुस्तकाचं कोण ऐकतं?

हा निकाल आमच्या शेजारच्या घरानंही मानला होता. ते घर थोरल्या दिरांचं. दीर उसातला माणूस. सकाळी पाट बघायचा, संध्याकाळी पाट बघायचा, मधल्या वेळात जेवायचं. एका वर्षी कारखान्यानं शेतकऱ्यांचा दौरा उत्तरेकडं न्यायचं ठरवलं. तिकडचा ऊस बघायचा, बायकांनाही न्यायची मुभा होती, आणि परतताना आग्रा होतं. दिरांनी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी हौस धरली. जाऊबाईंना, मी त्यांना आक्का म्हणते, नवं लुगडं आणलं. मग शहाण्या माणसासारखे धाकट्या भावाला विचारायला आले. मेजर तेव्हा सुट्टीवर होते. ते म्हणाले, "दादा, ताजमहाल तेवढा मोठा न्हाई. त्यापरीस उसाच्या नव्या लागणीला पाणी द्या." दीर हसले, जाऊन दौऱ्यातलं नाव काढून आले आणि लागणीला पाणी दिलं. पुढं काही वर्षांनी ते झोपेतच गेले. ते लुगडं आक्कांनी माझ्या मुलाच्या लग्नात नेसलं. या सगळ्यावर कुणी कधी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंय असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं, आता आपण जायचं. सोप्यात विचारून नाही, आपल्या मनानं. गावातल्या बायका गोळा केल्या. नुसतं आग्रा-दिल्ली म्हटलं असतं तर घरोघरी नन्नाचा पाढा सुरू झाला असता, म्हणून मथुरा आणि हरिद्वार घातलं. वाटेत देव असला की सासवा गप्प बसतात, हे मी नोकरीत असल्यापासून जाणून आहे. अंगणवाडीच्या ताई सगळ्यांत पुढं होत्या. ही बाई तोंडानं अशी फटकळ की तिच्यापुढं मीसुद्धा जपून बोलते. आक्कांना मी विचारलंच नाही, सरळ त्यांची पिशवी भरली.

मग बरोबर पुरुषमाणूस कोण, हा प्रश्न निघाला. आम्हाला त्याची गरज नव्हती, पण घरोघरच्या पुरुषांना होती. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "मेजर! त्येंनी समदं बघितलंय, गाईडबी नगो."

मेजर नाही म्हणाले. पहिल्या दिवशी गुडघा दुखत होता, दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी येणार होती, तिसऱ्या दिवशी म्हैस व्यायला आली होती. म्हैस तर गाभणसुद्धा नव्हती. मला वाटलं, बायकांच्या घोळक्यात जायला लाजतायत. मी कमरेला पदर खोचून म्हटलं, "सगळं गाव म्हणतंय, मेजरांनी बघितलंय, मेजरांनी बघितलंय. मग दाखवा की एकदा!" त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि माळ्यावरची बॅग काढली.

सांगली स्टेशनवर गाडीत चढलो आणि माणूस पालटला. गळ्यात शिट्टी आली. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिली, एक हरवली की दुसरीनं ओरडायचं. मोठ्या स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी 'गिनती' व्हायची. नाकात नथ, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका खणखणीत आवाजात "येक! दोन! तीन!" करायच्या आणि शेजारच्या डब्यातली माणसं बघायला यायची. चपला पिशवीत घालून उशाला घ्या, खिडकीला डोकं लावून झोपू नका, भुसावळला केळी घ्या, इटारसीला चहा पुढच्या टोकाचा घ्या. मेजर सांगतील ते खरं निघत होतं. दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीवर आमचा डबा घरासारखा झाला. लाडवाचा डबा तेवढा मी माझ्या मांडीखाली ठेवला होता, कारण मेजरांची नजर त्याच्यावर होती. ताई म्हणाल्या, "मेजर, तुमाला समदा देश पाठ हाय बघा." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

झाशीला गाडी थांबली तेव्हा ताईंनी विचारलं, "मेजर, राणीचा किल्ला कुठल्या अंगाला हाय ओ?"

"त्यो काय, तिकडं," मेजर म्हणाले आणि हात केला. हात केला तिकडं मालगाड्यांचं यार्ड होतं. बायकांनी यार्डाला नमस्कार केला. मी मात्र मेजरांकडं बघत राहिले. मग माझ्या ध्यानात आलं, की आत्तापर्यंत त्यांनी जे जे सांगितलं ते सगळं फलाटावरचं होतं. स्टेशनाच्या बाहेरचं एकही नव्हतं.

ग्वाल्हेर गेलं तसे ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"उद्या तुमी बायका जाऊन या," ते म्हणाले. "मी हाटेलवर सामान बघत बसतो."

"सामानाला काय पाय फुटणार हायत?" मी म्हटलं. "मेजर, तुमी ताजमहाल बघितलाय न्हवं?"

"बघितलाय."

"जवळनं?"

ते बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. किती वर्गांना मी ते सांगितलं होतं! पण रागाच्या खालोखाल भीती होती, आणि ती वाढत चालली होती. फौजेतून येताना माणूस एक काळी ट्रंक घेऊन येतो आणि एक नाव घेऊन येतो. ट्रंकेत आता म्हशीची पेंड आहे, नाव तेवढं उरलंय. गावात या माणसाचं म्हणणं कुणी खाली पडू देत नाही. ते नाव उद्या सकाळी गावातल्या बायकांच्या देखत जाणार होतं, आणि परतल्यावर भावकीत जाणार होतं. शिवाय आक्का बरोबर होत्या. लागणीला दिलेलं ते पाणी मला पहिल्यांदाच आठवलं, आणि रात्रभर मी कूस बदलत राहिले.

सकाळी ताजमहालाच्या दारात पहिली चकमक तपासणीवाल्या बाईशी झाली. आत खाण्याचं नेता येत नाही, तंबाखू नेता येत नाही. आमच्या बायकांच्या कमरेच्या चंच्या आणि मिश्रीच्या डब्या एकेक करून बाहेर निघाल्या. "आवं, दात घासायची हाय ती!" ताई मराठीतून समजावत होत्या आणि ती बाई हिंदीतून मान हलवत होती. पुरुषांची रांग वेगळी होती, त्यामुळं मेजर मागं राहिले.

आत गेल्यावर समोर एक लाल दगडाचा दरवाजा लागतो. तोच एवढा मोठा, की दोघी-तिघींना वाटलं हाच ताजमहाल. "मेजर म्हणत्यात त्ये खरं हाय, लाल हाय पर बरा हाय," असंही कुणी तरी म्हणालं. त्या दरवाजाच्या कमानीखाली अंधार असतो. माणसं एकमेकांना खेटून पुढं सरकत असतात. आम्ही सरकत सरकत उजेडात आलो आणि थांबलो.

मी चाळीस-बेचाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई आहे. मी गप्प झाले. आमच्या कारखान्याची चिमणी मला फार उंच वाटायची. पण चिमणी एकटीच उंच असते. इथं सगळंच्या सगळं मोठं होतं, घुमट मोठा, चौथरा मोठा, त्याच्या मागचं आभाळसुद्धा जास्त मोठं वाटत होतं. त्या चौथऱ्यावर चालणारी माणसं दाण्याएवढी दिसत होती. आक्कांनी पदर मागं सारला आणि डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. 

मग एकेक मान मागं वळली.

मेजर नुकतेच कमानीतून बाहेर आले होते. त्यांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. टोपी हातात होती, तोंड उघडं होतं, आणि ते वर बघत होते. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचा चेहरा लपत नाही. तो सगळ्या बायकांना दिसला.

ताईंनीच तोंड फोडलं. "मेजर, तुमी आलता तवा ह्यो ल्हान हुता का ओ? मागनं वाढला जनू!"

बायका हसत सुटल्या. एक तर हसता हसता खालीच बसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. उलट ताईंनी त्यांना वाट करून दिली होती. मेजरांनी नुसतं 'व्हय, खत घातलंय' म्हटलं असतं तरी गोष्ट तिथंच मिटली असती, आणि गावाकडं ती एक गंमत म्हणून गेली असती. मला मनापासून वाटत होतं, त्यांनी तसं म्हणावं. मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात उत्तरं जुळवतसुद्धा होते.

पण आक्का हसल्या नव्हत्या. त्यांनी ताजमहालावरची नजर काढली आणि मेजरांकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं.

"वहिनी," मेजर म्हणाले, "मी ह्यो बघितलाच नव्हता."

हसणं थांबलं.

"मिलिटरीची रेल्वेगाडी यमुनंच्या पुलावर थांबली हुती. तवा खिडकीतनं दिसला. एवढा." त्यांनी अंगठा पुढं करून नख दाखवलं. "सुट्टीवर घरी आलो, तर आईनं इचारलं, ताजमहाल बघितलास का? मी म्हटलं बघितला. मोठा हाय का रं, म्हणाली. मी दिसला तेवढा सांगितला. मग समदी तसंच इचारत गेली, आन् मी सांगत गेलो. बाकीचंबी काय बघितलं न्हाई मी. जैसलमेर न्हाई, हवामहाल न्हाई. दादांना तवा मी..."

 आक्कांनी पदर परत डोक्यावर घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि एकट्याच पुढं चालू लागल्या.

बायका पांगल्या. मी मेजरांना धरून एका कडेच्या बाकावर बसवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. एवढी वर्षं, एवढ्या गाड्या, एवढी स्टेशनं, आणि या माणसाला एकदा खाली उतरायला काय झालं होतं?

"सुट्टी मोजून मिळायची," ते म्हणाले. "आग्र्याला उतरलो आसतो तर दुसरी गाडी धरायची, मिरजंला यायला एक दिस जादा. त्यो दिस घरातला गेला आसता. तू दारात हुबी ऱ्हायाचीस."

  मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. डोळे पुसून मी म्हटलं, "मग तसं सांगायचं. न्हाई बघितलं म्हणायला काय जात हुतं?"

"पैल्यांदा सांगितलं न्हाई तर मागनं सांगता येत न्हाई," ते म्हणाले.

लांब चौथऱ्यावर आक्का दिसत होत्या. त्या आत जाणाऱ्या रांगेत नव्हत्या. बाहेरच्या भिंतीच्या पांढऱ्या दगडावर तळहात टेकून उभ्या होत्या. आम्ही उठेपर्यंत त्यांनी हात काढला नव्हता.

त्यानंतर आक्का मेजरांशी बोलेनात. अबोला म्हणावा असाही नव्हता. मथुरेत देवळाच्या पायऱ्या चढताना मला म्हणाल्या, "भावजींना सांग, पाय जपून टाका." दिल्लीत म्हणाल्या, "भावजींना इचार, चा घेणार का." भावजी दोन हातांवर उभे असायचे. निरोप माझ्याकडून जायचा आणि माझ्याकडूनच यायचा. मेजर शिट्टी वाजवायचे, पण हळू. मथुरेचे पेढे मी त्यांच्या हाताला लागू दिले नाहीत, तर त्यावरही त्यांनी भांडण केलं नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

बाकीच्या बायकांनी मात्र त्यांना लगेच पोटात घातलं. "मेजर, ह्यो लाल किल्लाबी तुमी बघितला नसंल, चला की," म्हणून दोघी पुढं आणि दोघी मागं अशा त्यांना घेऊन फिरायच्या. मेजर प्रत्येक पाटी थांबून वाचत होते. कुतुबमिनाराच्या बुंध्याशी उभे राहून त्यांनी मान एवढी मागं टाकली की टोपी पडली. "लय उंच हाय गं," मला म्हणाले. माझं सगळं लग्नाचं आयुष्य मी या माणसाच्या तोंडून देश ऐकला, पण 'लय' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

हरिद्वारला घाटावर आम्ही गंगेचं पाणी भरून घेत होतो. मेजरांचा फोन वाजला. गावाकडून पुतण्या, म्हणजे आक्कांचाच मुलगा, बोलत होता. मेजर कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं. "काका, पोरास्नी घिऊन कोणार्कला जायाचं म्हणतोय. भुवनेश्वरला तुमी हुताच की. कसं हाय?"

मेजर म्हणाले, "हुतो. पर कोणार्क मी बघितलं न्हाई. जाऊन ये आन् मला सांग."

पलीकडून पोरग्यानं विचारलं, "काका, तुमी बरं हायसा न्हवं?"

आक्का शेजारीच पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.  पाण्याच्या कॅनचं झाकण घट्ट फिरवून कॅन माझ्या हातात दिला.

गंगेचं पाणी घरात आलं की आमच्याकडं मावंदं घालावं लागतं. त्या पाण्याची पूजा करायची आणि भावकीला, शेजारपाजाऱ्यांना गोडाचं जेवण द्यायचं. तोवर यात्रा पुरी झाली असं धरत नाहीत. आमचं मावंदं आमच्या अंगणात ठरलं, सगळ्या बायकांचं मिळून एकच. आदल्या दिवसापासून पुरण शिजत होतं. आग्र्याची गोष्ट अजून कुणाच्याही घरात फुटली नव्हती. आमच्या गावातल्या बायकांच्या पोटात एवढी मोठी गोष्ट इतके दिवस राहिली, हे मी स्वतः बघितलं नसतं तर मलाही पटलं नसतं. पोळ्या लाटताना मी ताईंना त्याबद्दल विचारलं. लाटणं न थांबवता ताई म्हणाल्या, "बाई, त्येंचं त्येंनी सांगावं. आमी कशाला?"

म्हणजे सगळं मेजरांवर होतं. त्यांनी गप्प राहायचं म्हटलं असतं तर ताजमहाल आमच्या गावात पुन्हा लहान झाला असता, आणि एकही बाई बोलली नसती. आक्काही नाही.

पुरुषांची पंगत बसली. मेजर मधोमध बसले. त्यांच्या पानात मी आधीच भात आणि कटाची आमटी वाढून ठेवली होती, त्यांना साखरेचा आजार, पोळी वाढू नका असं सगळ्यांना बजावलं होतं. भावकीतले सगळ्यांत म्हातारे तात्या त्यांच्या समोर होते. पहिला घास घेऊन तात्यांनी विचारलं, "मग मेजर, काय म्हणतोय ताजमहाल? तेवढा मोठा न्हाईच न्हवं?"

मी दारात आमटीचं भांडं घेऊन उभी होते. भांडं जड होतं, पण मला हलता येईना.

मेजरांनी हातातला घास पानात ठेवला. "मला इचारू नगा, तात्या. मी आत्ता पयल्यांदाच बघितला. आजपतुर सांगितलं त्ये समदं रेल्वेच्या खिडकीतनं बघून सांगितलं. माझं चुकलं. वहिनींना इचारा."

पंगत थांबली. तात्यांचा हात तोंडाशी तसाच राहिला. कुणी तरी हसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आक्का पोळ्यांची बुट्टी काखेला घेऊन पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. आयुष्यात पुरुषांच्या पंगतीपुढं ही बाई कधी बोललेली नाही. सगळे आता त्यांच्याकडं बघत होते.

"लय मोठा हाय," आक्का म्हणाल्या. "लय म्हंजे लय. आमच्या मालकांनी बघाय पायजे हुता."

 मेजरांनी मान खाली घातली.

आक्का टोकाकडून पोळ्या वाढत आल्या. तात्यांना वाढली, त्यांच्या शेजारच्याला वाढली, मग वळून मेजरांच्या पानापुढं आल्या. बुट्टीतली पोळी काढून पानात ठेवली आणि तिच्यावर तुपाची धार धरली.

"घ्या, भावजी," त्या म्हणाल्या.

मेजरांनी पोळी खाल्ली. आक्कांनी दुसरी वाढली, तीही त्यांनी मान वर न करता खाल्ली. मी दारातून सगळं बघत होते आणि आक्कांना अडवलं नाही.